संसद न्यायाधीशाला घरी पाठवू शकते, मग नुसती समज का देऊ शकत नाही?

कृष्णाकाठची
१८ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. मी सांगलीला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. १२ तारखेला लोकसभा अध्यक्षांनी न्या. यशवंत वर्मा यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव दाखल करून घेतला. १४६ खासदारांच्या सह्या आहेत. तीन जणांची समितीही नेमली: सुप्रीम कोर्टाचे एक न्यायमूर्ती, मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि कर्नाटकातले एक ज्येष्ठ वकील. दिल्लीतल्या बंगल्याला १४ मार्चला आग लागली, तिथे जळालेल्या नोटा दिसल्या, असा आरोप आहे; वर्मांनी तो नाकारला आहे. हे सगळ्यांना माहीत आहेच.

माझा प्रश्न वर्मांबद्दल नाही. आमचा मामा तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. रविवारी जेवताना म्हणाला, "आम्हाला एका निनावी अर्जावर कारणे दाखवा नोटीस येते. मग ठपका, मग वेतनवाढ बंद, मग विभागीय चौकशी, आणि फारच झालं तर बडतर्फी. न्यायाधीशाला मात्र एक तर काहीच नाही, नाहीतर थेट बडतर्फी. मधल्या पायऱ्या कोणी खाल्ल्या?"

मी अनुच्छेद १२४(४) (न्यायाधीशाला पदावरून काढण्याची तरतूद), सत्ता-विभाजन, न्यायपालिकेचं स्वातंत्र्य असं सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे पुढची भाकरी मोडली आणि विचारलं, "जो काढू शकतो तो ओरडू का शकत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारते. संसदेने न्यायाधीशाला समज दिली, ताकीद दिली, तर नेमकं काय बिघडतं?

शतप्रतिशत
१८ ऑगस्ट

काही बिघडत नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांना अधिकार नाही, आणि ज्यांची नेमणूक न्यायमूर्तींनीच न्यायमूर्तींमधून केली त्यांना सगळे अधिकार! न्यायमूर्ती नेमण्यासाठी संसदेने केलेला न्यायिक नियुक्ती आयोगही २०१५ मध्ये यांनीच रद्द केला. आता आचारसंहिताही यांचीच, तक्रारही यांच्याकडेच, निकालही यांचाच. मामांना माझा सलाम सांगा.

निवृत्त प्रतिवेदक
१९ ऑगस्ट

ताई, मामांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. पण त्यांना हवी ती पायरी संसदेच्या हातात देऊ नये असं माझं मत आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो. नोकरीभर दुसऱ्यांचंच बोलणं उतरवलं, आता माझी पाळी.

मी महाराष्ट्र विधानमंडळात प्रतिवेदक होतो. सभागृहात अध्यक्षांच्या समोरच्या टेबलाशी बसून, जो उभा राहील त्याचं बोलणं लघुलिपीत उतरवायचं हे काम. उन्हाळ्यात मुंबई, थंडीत नागपूर. त्यामुळे अनुच्छेद २११ मी आधी कानांनी ऐकला, पुस्तकात नंतर वाचला. न्यायमूर्तींनी आपलं काम करताना केलेल्या वर्तनाबद्दल सभागृहात चर्चा करायची नाही, हा नियम संसदेसाठी १२१ मध्ये आहे आणि राज्यांसाठी २११ मध्ये. संसदेला एक फट ठेवली आहे: पदावरून दूर करण्याचा प्रस्तावच समोर असेल तेव्हा बोला. विधानसभेला तेवढीही नाही.

बैलगाडा शर्यतींचा विषय निघाला की हे हमखास दिसायचं. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. त्यानंतर जुन्नर-खेडकडचा, सांगली-साताऱ्याकडचा कोणी सदस्य उठला की निकालावरून घसरत घसरत निकाल देणाऱ्यांवर यायचा. "ज्यांनी कधी बैलाच्या पाठीवर हात फिरवला नाही..." एवढं होईतो समोरून कोणीतरी हरकतीचा मुद्दा घ्यायचा आणि पीठासीन अधिकारी म्हणायचे, "निकालावर बोला, न्यायमूर्तींवर नको." ते वाक्य कामकाजातून काढून टाकलं जायचं. आमच्या वहीत राहायचं, छापील कार्यवाहीत तिथे नुसती फुल्यांची ओळ.

आणि तरी विधिमंडळाने जे करायचं ते केलंच. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती कोर्टात अडकली, आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणजे ज्या कायद्यावर निकाल उभा होता तो कायदाच सभागृहाने बदलला, पण न्यायमूर्तींबद्दलचं अर्धं वाक्य चालू दिलं नाही. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. मला त्या टेबलाशी बसून ते शहाणपणाचं वाटत आलंय, कारण सभागृह तापतं म्हणजे काय होतं ते मी हातभर अंतरावरून पाहिलंय.

आता मामांच्या प्रश्नाकडे. सभागृहाने समज द्यायची म्हणजे ठराव करायचा. ठरावाला साधं बहुमत लागतं, आणि साधं बहुमत म्हणजे सरकारचा व्हिप. सोमवारी सरकारविरुद्ध निकाल गेला, गुरुवारी समज. बडतर्फीला मात्र दोन्ही सभागृहांत, एकाच अधिवेशनात, एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्याने त्याच्याही आधी आणखी एक फाटक लावलंय. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, मग अध्यक्षांनी किंवा सभापतींनी प्रस्ताव दाखल करून घेणं, मग समिती. समितीने "दोष नाही" म्हटलं की विषय तिथेच संपला, सभागृहाला मतदानही करता येत नाही. बडतर्फी ही शिक्षा जड आहे म्हणूनच ती राजकारण्यांच्या हाती द्यायला घटनाकार धजावले. हलकी शिक्षा दिली असती तर ती रोज वापरली गेली असती.

पण फाटक इतकं जड की ते कधी उघडतच नाही, हे दुसरं टोक. इथे १९९३ आठवावं लागतं.

न्या. व्ही. रामस्वामी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंदीगडच्या सरकारी बंगल्यावर केलेला खर्च: फर्निचर, गालिचे, न्यायालयासाठी चांदीचे राजदंड. ते सुप्रीम कोर्टात गेल्यावर हे बाहेर आलं. तेव्हाचे सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी यांनी १९९० मध्ये त्यांना काम न करण्याचा सल्ला दिला. सल्लाच, कारण दुसरं काही हातात नव्हतं. मग १९९१ मध्ये आपल्या राजापूरचे मधू दंडवते आणि आणखी १०७ खासदारांनी प्रस्ताव दिला. अध्यक्ष रवी राय यांनी समिती नेमली. तिच्यात सुप्रीम कोर्टाचे न्या. पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी. १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाले असं समितीने म्हटलं.

१० आणि ११ मे १९९३. अध्यक्षांच्या खुर्चीत लातूरचे शिवराज पाटील. सोमनाथ चटर्जींनी प्रस्ताव मांडला. कपिल सिब्बल तेव्हा खासदार नव्हते, ते रामस्वामींचे वकील म्हणून लोकसभेत उभे राहून बोलले. मतदान झालं. बाजूने १९६. विरोधात शून्य. तटस्थ २०५, काँग्रेस आणि मित्रपक्षांचे. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवी होती, प्रस्ताव पडला. ज्यांच्या बाजूने एकही मत पडलं नाही ते न्यायमूर्ती खुर्चीवर राहिले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये वयोमानाने निवृत्त झाले. विरोधात मत देण्याचं धाडस कोणी केलं नाही आणि बाजूने देण्याचंही. दोनशे पाच माणसं गप्प बसली की प्रतिवेदकाला काही लिहावं लागत नाही, पण इतिहास होतो.

जाता जाता: रामस्वामींचे सासरे के. वीरस्वामी हे मद्रासचे मुख्य न्यायमूर्ती. न्यायाधीश हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवकच, पण गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांना विचारा, हा १९९१ चा निकाल त्यांच्याच प्रकरणातला.

पुढे २०११ मध्ये कलकत्त्याचे न्या. सौमित्र सेन. राज्यसभेत प्रस्तावाच्या बाजूने १८९ मतं पडली, पण लोकसभेत मतदान व्हायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सिक्कीमचे मुख्य न्यायमूर्ती दिनकरन समितीसमोर चौकशी सुरू असताना राजीनामा देऊन मोकळे झाले. दोन्ही सभागृहांनी मिळून आजवर एकाही न्यायमूर्तींना काढलेलं नाही.

मग मधली पायरी कोणी बांधली? न्यायमूर्तींनीच. १९९७ मध्ये त्यांनी न्यायिक जीवनमूल्यांचा १६ कलमी मसुदा मंजूर केला आणि १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत. तीन न्यायमूर्तींची समिती, अहवाल सरन्यायाधीशांकडे, मग राजीनाम्याचा सल्ला किंवा काम काढून घेणं. कल्पना चांगली. पण अहवाल बंद लखोट्यात, आणि सगळ्यात सोयीची शिक्षा म्हणजे बदली. वर्मांना दिल्लीहून अलाहाबादला पाठवलं तेव्हा तिथल्या वकिलांनी संप केला, आणि माझ्या मते तो योग्य होता. दिल्लीत चालत नाही तो माणूस अलाहाबादच्या पक्षकाराला कसा चालावा?

संसदेने प्रयत्न केला नाही असं नाही. २०१० च्या न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयकात ताकीद देण्याची, सूचना देण्याची तरतूद होती. लोकसभेने ते २०१२ मध्ये मंजूर केलं, २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. न्यायाधीशांनी इतर घटनात्मक संस्थांबद्दल अनाठायी शेरे मारू नयेत असंही एक कलम त्यात घुसवलं होतं. नको तिथे हात घातला की बरं विधेयकही संशयात सापडतं.

माझं म्हणणं एवढंच. मधल्या शिक्षा कायद्यात लिहा, त्या देणारे न्यायमूर्तीच असू देत, आणि वर्षातून एकदा किती तक्रारी आल्या, किती फेटाळल्या, किती प्रकरणांत ताकीद दिली याचा अहवाल संसदेच्या पटलावर ठेवा. नावं नकोत. आकडे पुरेत. पटलावर आलेला कागद कोणी वाचत नाही असं म्हणतात, पण तो छापला जातो आणि राहतो.

खंडपीठवाला
१९ ऑगस्ट

काकांचं लिखाण नेहमीप्रमाणे वाचनीय. मी छत्रपती संभाजीनगर खंडपीठात वकिली करतो, त्यामुळे उलट बाजू मांडणं हा धंदा.

पटलावर अहवाल आला की त्यावर चर्चा मागणारच. आकडे उच्च न्यायालयवार दिले तर "मुंबईतून इतक्या तक्रारी का?" हा प्रश्न येणार, आणि दुसऱ्या वाक्याला नाव येणार. १२१ चं फाटक मागच्या बाजूने उघडलं.

विधिमंडळ चिडलं की कुठवर जातं हे १९६४ साली लखनौत दिसलं. गोरखपूरच्या केशव सिंग यांनी एका आमदाराविरुद्ध पत्रक वाटलं. उत्तर प्रदेश विधानसभेने त्यांना बोलावून समज दिली (घ्या, मामांची समज!) आणि मग उर्मट पत्र लिहिलं म्हणून सात दिवसांची कैद. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, बेग आणि सहगल यांनी, जामीन दिला. तर विधानसभेने ठराव केला की केशव सिंग, त्यांचा वकील आणि ते दोन न्यायमूर्ती यांना ताब्यात घेऊन सभागृहासमोर हजर करा. जामीन दिला म्हणून! अलाहाबादच्या २८ न्यायमूर्तींनी एकत्र बसून त्याला स्थगिती दिली, आणि प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सुप्रीम कोर्टात गेलं. बहुमताचा अभिप्राय लिहिला साताऱ्याच्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी: हक्कभंगाच्या नावाखालीही न्यायमूर्तींच्या वर्तनाची झडती सभागृहाला घेता येणार नाही.

आणि मधली पायरी न्यायमूर्तींनी आपणहून बांधली असं काका म्हणतात, त्यात आमच्या बारचा, म्हणजे वकील संघटनांचा, वाटा राहून गेला. १९९५ मध्ये मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचारजी यांच्यावर आरोप झाला की लंडनच्या प्रकाशकाकडून पुस्तकापोटी त्यांना ८०,००० डॉलर मिळायचे होते. मुंबईतल्या वकील संघटनांनी राजीनाम्याचे ठराव केले आणि ते पायउतार झाले. कोणती चौकशी नाही, कोणता निष्कर्ष नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा न्यायालयाने म्हटलं, वकिलांनी असं दडपण आणू नये, मुख्य न्यायमूर्तींबद्दल तक्रार असेल तर ती सरन्यायाधीशांकडे द्यावी. अंतर्गत चौकशीची मुळं त्या निकालात आहेत. आमच्या संघटनांना त्याचं श्रेय घ्यायला आवडतं. मला विचाराल तर एका मुख्य न्यायमूर्तींनी चौकशीशिवाय जावं, यात भूषणावह काही नाही. संसदेच्या ठरावाला काका घाबरतात, मला बारच्या ठरावाचीही तितकीच भीती वाटते.

एडिसनचा अण्णा
२० ऑगस्ट

अमेरिकेतून लिहितोय, पण "आमच्याकडे सगळं छान" असं काही नाही.

काका ज्याची मागणी करतायत ते इथे खालच्या संघीय न्यायालयांसाठी १९८० पासून आहे. कायदा काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) केला, अंमल न्यायाधीशांच्या परिषदा करतात. खासगी समज, जाहीर समज, काही काळ नवीन खटले न देणं, हे सगळं त्यात आहे. काढून टाकणं मात्र नाही, ते फक्त काँग्रेसच्या महाभियोगाने. तक्रारींचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, म्हणून वकीलसाहेबांची भीती मला थोडी जास्त वाटली. बहुतेक तक्रारी "निकाल पटला नाही" याच असतात आणि फेटाळल्या जातात, हेही त्या आकड्यांवरूनच कळतं.

गंमत अशी की हा कायदा सुप्रीम कोर्टाला लागू नाही. २०२३ मध्ये न्या. क्लॅरेन्स थॉमस यांच्या एका धनाढ्य मित्राच्या खर्चाने झालेल्या सहलींची बातमी आली आणि सिनेटच्या समितीने आचारसंहितेचं विधेयक ११ विरुद्ध १० असं पुढे सरकवलं. पक्षाच्या रेषेवर अगदी काटेकोर. पुढे ते गेलंच नाही. न्या. अलिटो, आमच्या न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचे, मुलाखतीत म्हणाले की सुप्रीम कोर्टाचं नियमन करण्याचा अधिकार संविधानाने काँग्रेसला दिलेला नाही. नोव्हेंबरमध्ये कोर्टाने स्वतःच संहिता जाहीर केली. ती मोडली तर काय, हे तिच्यात लिहिलेलं नाही.

महाभियोगाचा वचकही इथे १८०५ पासून उतरलाय. न्या. सॅम्युएल चेस यांना सिनेटने दोषमुक्त केलं, तेव्हापासून सुप्रीम कोर्टाच्या एकाही न्यायाधीशावर महाभियोग झालेला नाही.

कृष्णाकाठची
२० ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. मामाला वाचून दाखवलं. बैलगाड्याच्या ठिकाणी खूश झाला, २०५ ला गप्प झाला. मग म्हणाला, "बदली म्हणजे शिक्षा, हे तरी आमच्यासारखंच आहे की."

एक शंका राहिली. दंडवत्यांचा प्रस्ताव १९९१ चा, आणि ती लोकसभा तर त्याच वर्षी विसर्जित झाली. मतदान १९९३ मध्ये नव्या लोकसभेत. विधेयक बारगळतं तसा प्रस्ताव का बारगळला नाही?

निवृत्त प्रतिवेदक
२१ ऑगस्ट

बारगळलाच असं सरकारचं म्हणणं होतं. त्यावर सुप्रीम कोर्टात याचिका झाली आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये घटनापीठाने निकाल दिला की १९६८ च्या कायद्याखालचा प्रस्ताव लोकसभा विसर्जित झाल्याने संपत नाही. तो कायदाच मुळी संसदेच्या नेहमीच्या कामकाजाहून वेगळी वाट आखतो, असा तर्क. म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींविरुद्धचा लोकसभेचा प्रस्ताव सुप्रीम कोर्टानेच जिवंत ठेवला, आणि लोकसभेने तो तटस्थ राहून मारला. वकीलसाहेबांनी याचा विचार करावा, एवढीच विनंती.

वकीलसाहेब, उच्च न्यायालयवार आकडे नकोत, हे तुमचं मान्य. देशाचा एकच आकडा द्यावा.

आणि ताई, परीक्षेत हा विषय येणार असेल तर टिपणं वाचत बसू नका. १० आणि ११ मे १९९३ ची लोकसभेची कार्यवाही संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. आधी चटर्जींचं भाषण, मग सिब्बलांचं. मुद्द्यांसाठी वाचाच, पण मध्ये मध्ये सदस्य काय बोलतात तेही सोडू नका. "व्यत्यय" असं जिथे छापलंय तिथे प्रतिवेदकाचा हात थांबलेला असतो, कारण एकाच वेळी दहा जण बोलत असतात.